आली जमीन, सर

मुजावर सर जिना उतरायचे ते उलटे. तोंड वरच्या पायऱ्यांकडं, पाठ आमच्याकडं, दोन्ही हात कठड्याला, आणि एक पाय मागं सोडून खालची पायरी चाचपायची. चढताना सरळ चढायचे, उशीर झाला असेल तर दोन-दोन पायऱ्या टाकत. उतरायची वेळ आली की हा माणूस बदलायचा.

आमची शाळा माकणीच्या अलीकडं, रस्त्याला लागून आहे. खाली पाचवी ते आठवी आणि ऑफिस, वर नववी-दहावी आणि शिक्षकांची खोली. मधे एकोणीस पायऱ्यांचा जिना. मी गणित शिकवते, पण त्या पायऱ्या मी कधी मोजल्या नव्हत्या. सरांमुळं अख्ख्या शाळेला त्या पाठ झाल्या. कारण शाळा सुटली की जिन्याखाली दत्तू शिपाई येऊन उभा राहायचा, आणि सरांचा पाय पहिल्या पायरीवर टेकला की सुरू करायचा, "अठरा राहिल्या सर. सतरा. सोळा." पोरं फिदीफिदी हसायची. दत्तू त्यांच्याकडं ढुंकून बघायचा नाही. शेवटी म्हणायचा, "आली जमीन, सर." मग सर वळायचे, चष्मा नीट करायचे आणि म्हणायचे, "थँक यू, दत्तोबा." रोज. एकही दिवस चुकला नाही.

मी नवी आले तेव्हा पहिल्याच दिवशी हा प्रकार पाहिला. मी तोंडानं फटकळ, गावभर नाव आहे माझं. विचारलं, "काय सर, गुडघे गेले का?"

"न्हाय मॅडम," ते म्हणाले, "भीती वाटते."

इतकं सरळ. भीती वाटते असं सांगणारा पुरुष मी तोवर पाहिला नव्हता. आमच्या घरातले सगळे शूर. मला हसू आलं आणि मी ते लपवलंही नाही.

सर नळदुर्गचे. आठवडाभर गावात खोली घेऊन राहायचे, अर्थात तळमजल्यावरची, आणि शनिवारी घरी जायचे. उंच, किडकिडीत. पांढरा शर्ट, बाह्या मनगटापर्यंत, बारा महिने हातात छत्री. शुक्रवारी अत्तराचा वास. ईदच्या दुसऱ्या दिवशी स्टीलच्या डब्यातून शीरखुर्मा आणायचे आणि पहिली वाटी दत्तूला द्यायचे, दुसरी हेडमास्तरांना. बोलण्यात एक शब्द सारखा यायचा, "आहिस्ता." पोरं पळाली तर आहिस्ता, मी तावातावानं भांडायला लागले तरी आहिस्ता. एकदा एसटीच्या ड्रायव्हरलाही म्हणाले, तर तो म्हणाला, "मास्तर, यापेक्षा हळू गेलो तर मागं जाईल गाडी."

ते इंग्रजी शिकवायचे. पुस्तक संपवायचेच, पण त्याशिवाय दर महिन्याला एक बारका शब्द धरायचे आणि त्याचा पिच्छा पुरवायचे. 'अप'ला दोन तास द्यायचे. 'डाऊन'ला पुरा महिना. माझं इंग्रजी कच्चं, म्हणून रिकाम्या तासाला मी मागच्या बाकावर जाऊन बसायची.

"सिट डाऊन," सर म्हणायचे. वर्ग बसायचा.

"कुठं गेलात?"

"खाली, सर."

"राईट डाऊन. आता कुठं गेलात?"

"कुठंच न्हाय, सर."

"मग डाऊन कशाला लागला?" आणि स्वतःच सांगायचे, "बोललेलं हवेत ऱ्हातं. लिहिलं की ते खाली येऊन कागदावर बसतं. म्हणून."

मग स्लो डाऊन, शांत व्हायचं ते काम डाऊन. ब्रेक डाऊन शिकवावं लागायचं नाही, एसटीनं येणाऱ्या पोरांना ते तोंडपाठ होतं. येडशीच्या स्टेशनावर डाऊन गाडी कुठली आणि का, तेही सांगायचे. म्हणायचे, "आपल्यात पण ताप उतरतो, राग उतरतो, दृष्ट उतरवतात. उतरणं वाईट न्हाय पोरांनो. कशात उतरतोय ते आधी बघावं." लेट डाऊनला आले की त्यांचा आवाज बारीक व्हायचा. "तुमी दोरीला हाय. वर धरणारा हाय. आन् त्यानं हात सोडला. ते लेट डाऊन." एवढं बोलून ते खिडकीकडं जाऊन उभे राहायचे.

महिन्याच्या शेवटी फळ्यावर एक वाक्य. 'फर्स्ट द लॅम्प गोज डाऊन, देन द मॅन.' आधी दिवा उतरतो, मग माणूस. दहा वेळा लिहायचं. हे कुठल्या परीक्षेत येतं, असं मी एकदा विचारलं होतं. त्यांनी आपलं कपाट उघडलं आणि आतला कंदील दाखवला. काच लखलखीत, वात कापलेली, टाकीत रॉकेल. दर सोमवारी ते तो पुसायचे. रॉकेल मिळेनासं झालं तेव्हा कुणाकुणाच्या घरची जुनी बाटली मागून आणायचे. सगळी शाळा त्या कंदिलाला हसायची, त्यात मी पुढं.

"सर, आता मोबाईलला बॅटरी आली."

"मोबाईल विझत न्हाय, मॅडम."

"म्हणजे चांगलंच की."

"न्हाय. खराब हवेत कंदील विझतो. विझला की कळतं, उतरू नये. मोबाईल उजेड दाखवत ऱ्हातो आन् माणूस मरतो."

तोंड गप्प बसलं तरी माणूस शहाणा होतोच असं नाही.

एका वर्षी आठवीची सहल नळदुर्गच्या किल्ल्यावर नेली. सरांचंच गाव, म्हणून तेच पुढारी. धरणाच्या भिंतीच्या पोटात पाणीमहाल आहे, तिथं अरुंद जिन्यानं उतरावं लागतं. सर उतरले नाहीत. वरच्या तोंडाशी उभं राहून एकेका पोराच्या डोक्याला हात लावून मोजलं, अठ्ठेचाळीस. मी बरोबर खाली गेले. वर आल्यावर पुन्हा मोजलं तर सत्तेचाळीस. एक कार्टं आधीच वर येऊन बुरुजाआड भेळ खात बसलं होतं. ते सापडायला दहा मिनिटं लागली असतील. तेवढ्यात सरांचा चेहरा राखेसारखा झाला आणि ते भिंतीला धरून ओकले. पोराला त्यांनी मारलं नाही, रागावलेही नाहीत. फक्त त्याचा दंड धरून ठेवला, बस सुटेपर्यंत.

त्या दिवशी डबा खाताना त्यांनी मला सांगितलं. तोवर कुणाला सांगितलं नव्हतं म्हणे. ते चौदा वर्षांचे असताना त्यांच्या शेतातल्या विहिरीचं पाणी खाली गेलं. वरून ओढेना, म्हणून वडिलांनी डिझेल इंजिन विहिरीच्या आतल्या टप्प्यावर नेऊन बसवलं. दुपारी आत धूर कोंडलेला, थोरला भाऊ इंजिन बंद करायला उतरला. बंद केलं, आणि तिथंच बसला. हाक मारली तर बोलेना. मधला भाऊ त्याला आणायला उतरला, तो त्याच्या शेजारी बसला.

"मी पण निघालो, मॅडम. आईनं कमरेला मिठी मारली. मी तिच्या हाताला चावलो, रक्त काढलं. तिनं न्हाय सोडलं. तिच्या हातावर तो वण शेवटपर्यंत होता. भाकरी थापताना दिसायचा."

एवढं ऐकूनही मी पुढं जे केलं ते केलं, म्हणून हे सगळं सांगते आहे.

तो दुष्काळाचा मार्च होता. माकणीचं धरण जवळ, पण आमच्या नळाला थेंब नाही. शाळेमागं शाळेचीच जुनी विहीर आहे. निम्म्यापर्यंत दगडी पायऱ्या, तिथं एक रुंद टप्पा, आणि त्याखाली सरळ भिंत. तळाशी गाळ आणि हिरवं पाणी साचलेलं. ते उपसून गाळ काढला तर झरे मोकळे होतील, असं ठरलं. पाण्याचं काम त्या वर्षी माझ्याकडं होतं. डिझेल इंजिन आणलं, तर वरून पाणी ओढेना. दत्तूचा भाऊ गोविंद शेतकरी गडी, म्हणाला, टप्प्यावर नेऊन बसवू. गावात असंच करतात सगळे. दत्तूनं माझ्याकडं बघितलं. "मॅडम, मुजावर सर येऊ द्यायचे का?"

सर त्या दिवशी पेपर तपासायच्या बैठकीला लोहाऱ्याला गेले होते. दुपारच्या गाडीनं येणार होते. मी म्हणाले, "सर आले की कंदील काढून बसतील. ते यायच्या आत उरका."

हे वाक्य माझं होतं. हेडमास्तरांचं नाही, गोविंदचं नाही. माझं.

इंजिन दोन तास चाललं. गोविंद जेवायला घरी गेला. दत्तू म्हणाला, पाणी संपत आलंय, बंद करून येतो. पायऱ्यांवरून उतरताना तो मजेत मोजत गेला, सरांसाठी मोजायचा तसंच. मी काठावर होते. इंजिनाचा आवाज थांबला. मी वाट पाहिली. मग वाकून बघितलं तर दत्तू इंजिनाला टेकून बसला होता, मान खाली. दमून बसल्यासारखा.

"दत्तू," मी म्हणाले. "ए दत्तू."

मला कळलं होतं. किल्ल्यावर ऐकलेली गोष्ट माझ्या डोळ्यांपुढं बसली होती आणि मला एक पाऊल पुढं टाकता येईना, ना मागं. मी ओरडले असेन, कारण माणसं धावत आली. गोविंद हातातली भाकरी टाकून आला आणि थेट पायऱ्यांकडं. त्याच्या मागं आणखी चौघं-पाचजण. तेवढ्यात रस्त्यावर गाडी थांबली आणि सर उतरले, नेहमीसारखे उलटेच. त्यांनी गर्दी बघितली, मला बघितलं, आणि छत्री टाकून पळत आले. पळताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

गोविंद दुसऱ्या पायरीवर होता. सरांनी त्याला मागून कमरेला मिठी मारली आणि दोघंही काठावर पडले.

"कुणी उतरायचं न्हाय," सर म्हणाले. ओरडले नाहीत.

"सोडा मास्तर, भाऊ हाय माझा."

"म्हणूनच न्हाय सोडत."

गोविंद त्यांच्या हाताला कडकडून चावला. पांढरी बाही लाल झाली. मी ते बघितलं आणि मला भाकरी थापणारा तो हात आठवला. सरांनी सोडलं नाही. बाकीच्यांना म्हणाले, "याच्या मागं जो उतरेल तो त्याच्या शेजारी बसेल. मला ठावं हाय." कुणीतरी म्हणालं, तुमचं कोण हाय आत? सर माझ्याकडं बघून म्हणाले, "मॅडम, कंदील."

एकोणीस पायऱ्या मी कशा चढले मला आठवत नाही. काडी पेटेना, तीन मोडल्या. दोरीला बांधून कंदील सोडला. निम्म्यात ज्योत बारीक झाली, टप्प्याच्या वर हातभर आली आणि विझली. सगळ्यांनी बघितलं. मग मात्र कुणी पायऱ्यांजवळ गेलं नाही.

सरांनी लिंबाच्या फांद्या तोडायला लावल्या. मोठा भारा दोरीला बांधून विहिरीत वर-खाली करायला लावला, हवा हलावी म्हणून. पोरांच्या पिण्याच्या पाण्याची पिंपं आणून बादल्या-बादल्यांनी भिंतीवर फेकायला लावलं. त्या दुष्काळात. दुसऱ्यांदा कंदील सोडला, विझला. पुन्हा फांद्या, पुन्हा पाणी. वर ऊन तापलेलं, खाली दत्तू तसाच बसलेला, आणि त्याची बायको सुमन काठावर येऊन त्याला नावानं हाक मारायला लागलेली. आमच्याकडं बायका नवऱ्याला नावानं हाक मारत नाहीत. ती मारत होती. पाऊण तास गेला. तिसऱ्यांदा कंदील टप्प्यावर टेकला आणि जळत राहिला. तेव्हा सरांनी गोविंदच्या कमरेला दोरी बांधली, दुसरं टोक आपल्या अंगाभोवती गुंडाळलं, मागं सहा माणसं लावली, आणि म्हणाले, "आहिस्ता. मी धरलंय."

दत्तू वर आला, पण तो दत्तू नव्हता. लोहाऱ्याच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, पहिल्या काही मिनिटांतच गेला असणार. मग विचारलं, मागोमाग कोण उतरलं होतं? कुणी नाही म्हटल्यावर त्यांचा विश्वास बसेना.

पण डॉक्टरांचं कोण ऐकतं. सर भेटायला गेले तेव्हा मी बरोबर होते. सुमन दारात उभी राहिली, आत घेतलं नाही. म्हणाली, "पाऊण तास, सर. पाऊण तास तुमी माझ्या माणसाला आत ठिवलं. रोज तुमाला उतरवून घेत हुता तो. तुमी स्वतः तरी उतरायचं."

सर मान खाली घालून उभे होते. त्यांनी एवढंच म्हणायचं होतं, की इंजिन मी येण्याआधी उतरवलं, या बाईंच्या सांगण्यावरून. ते म्हणाले नाहीत. आणि मीही तोंड उघडलं नाही. फटकळ म्हणून नाव असलेली मी. परतताना ते म्हणाले, "तिचं खरं हाय. पण मी उतरलो असतो तर मला काढायला आणखी एक लागला असता. माझे पाय तिथं चालत न्हाईत, मॅडम."

गावातही तेच झालं. भित्रा मास्तर, दुसऱ्याला अडवलं आणि स्वतः वर राहिला. गोविंद तेवढा कधी बोलला नाही. त्याच्या विहिरीवर कंदील आला, अजून आहे.

अनुकंपा तत्त्वावर सुमनला शाळेतच शिपायाची नोकरी लागली. सकाळी घंटा, दुपारी पाणी, संध्याकाळी कुलपं. सगळ्यांशी बोलायची, मुजावर सरांशी नाही. त्यांच्या टेबलावर पाण्याचा ग्लास ठेवायची आणि तोंड फिरवायची. सर दर ईदला पहिली वाटी तिच्या टेबलावर ठेवून यायचे. वाटी दुसऱ्या दिवशी धुऊन परत यायची, खाल्ली की सांडली ते कळायचं नाही. आणि शाळा सुटली की सर जिन्यावर एकटे. मी एकदा खाली जाऊन उभी राहिले, म्हटलं मोजते. "नको मॅडम," म्हणाले. मग आपलेच पुटपुटत मोजायचे आणि शेवटच्या पायरीला नेहमी अडखळायचे, जमीन आली आहे की नाही याची खात्री नसल्यासारखे. पोरं आता हसत नव्हती. फळ्यावर ते वाक्य दरवर्षी यायचं आणि पोरं ते मुकाट्यानं दहा वेळा लिहायची.

मी रोज सुमनच्या हातचं पाणी प्यायची आणि रोज भ्यायची. आज कळेल, उद्या कळेल. वर्षांमागून वर्षं मी त्या भीतीत काढली. सरांची भीती निदान जिन्यापुरती होती.

मागच्या वर्षी सर निवृत्त झाले. निरोपसमारंभ वरच्या वर्गात. भाषणं चालू असताना मी खाली गेले. सुमन व्हरांड्यात कपबशा विसळत होती. मी उभ्या-उभ्या सांगितलं. इंजिन खाली बसवायला मी हो म्हणाले होते. सर यायच्या आत उरका, हे मी म्हणाले होते. दत्तू विचारत होता, सर येऊ द्यायचे का.

तिनं कपबशी पालथी घातली. "ठावं हाय मला," ती म्हणाली. "गोविंद भावजींनी तवाच सांगितलं हुतं."

"मग सरांवर का?"

"तुमच्या हाताखाली नोकरी करायची हुती, मॅडम. तुमच्यावर रागवून कुठं जाणार? सरांवर रागवलं तर चालत हुतं." हात पदराला पुसत म्हणाली, "ते ऐकून घेत हुते."

वर टाळ्या वाजल्या. सर शाल अंगावर, एका हातात हार आणि दुसऱ्या हातात तो कंदील घेऊन जिन्याच्या तोंडाशी आले. सवयीनं वळून उभे राहिले, आणि कंदिलामुळं त्यांना कठडा धरता येईना.

सुमन जिन्याखाली जाऊन उभी राहिली. दत्तू उभा राहायचा तिथंच.

"कंदील ठिवा तिथंच, सर. म्या आणते मागनं," ती म्हणाली. "दोनी हातानं धरा."

सरांची पाठ ताठ झाली. त्यांनी मागं बघितलं नाही. कंदील ठेवला, हार ठेवला, दोन्ही हात कठड्यावर आले. बाही सरकली आणि उजव्या मनगटाच्या वर दातांचा तो वण मला खालून दिसला. एक पाय मागं सुटला.

"अठरा राहिल्या," सुमन म्हणाली. "सतरा. सोळा. आहिस्ता, सर."

वरच्या कठड्याला सगळी शाळा उभी होती. ती एकही पायरी चुकली नाही. तिनं तीन म्हटलं, दोन म्हटलं, एक म्हटलं, आणि मग म्हणाली, "आली जमीन, सर."

सर वळले, चष्मा काढून पुसला. "थँक यू, सुमनताई," म्हणाले आणि गाडीची वेळ झाली म्हणून रस्त्याकडं चालू लागले. सुमन वर जाऊन कंदील घेऊन आली आणि त्यांच्या मागं फाटकापर्यंत गेली. त्यांनी तो घेतला नाही. आता दर सोमवारी ती त्याची काच पुसते.